प्रवेश आणि कबुली

इंग्रजी भाषेतील काही शब्द आपल्या घरात इतके रुळले आहेत की, ते परके आहेत याची आठवणही आपणांस राहिलेली नाही. ‘अ‍ॅडमिशन’ हा त्यांपैकीच एक होय. जून महिना उजाडला की, ज्या घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा अथवा मुलगी आहे त्या घरात या शब्दावाचून दुसरे काही ऐकू येत नाही. ‘झाली का अ‍ॅडमिशन?’ या प्रश्नात ‘प्रवेश’ हा शब्द घालून पाहावा. प्रश्न शुद्ध होईल, पण त्यातली धाकधूक नाहीशी होईल. दवाखान्यात नेलेल्या रोग्यासही आपण ‘अ‍ॅडमिट’च करतो. या दोन्ही ठिकाणी अर्थ एकच, आणि तो म्हणजे आत घेणे. परंतु वकिलाच्या कचेरीत हाच शब्द निराळा वेष घेऊन येतो. तेथे प्रतिवादीने अमुक गोष्ट ‘अ‍ॅडमिट’ केली म्हणजे ती कबूल केली, आता ती शाबीत करण्याची जरुरी उरली नाही, असे समजावयाचे. दार उघडणे ही एक क्रिया. आपल्याविरुद्ध जाणारी गोष्ट खरी आहे असे म्हणणे ही दुसरी. या दोहोंस एकाच शब्दाने का ओळखावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी कोशकाराचा वाटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो नीतिशास्त्राचा आहे, आणि त्याचा विचार करण्यास आपल्या मुंबई इलाख्याच्या व महाराष्ट्राच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासाइतके चांगले साहित्य क्वचितच कोठे सापडेल.

प्रथम शब्दाची कुळकथा. लॅटिन भाषेत ‘मित्तेरे’ म्हणजे सोडणे, पाठविणे. त्यास ‘आद्’ म्हणजे ‘कडे’ हा उपसर्ग लागला की ‘आद्मित्तेरे’ हे क्रियापद होते. अर्थ, आपल्याकडे येऊ देणे, आत सोडणे. मिशन, कमिशन, कमिटी, परमिट, प्रॉमिस ही सारी मंडळी याच घराण्यातली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या क्रियापदाचा कर्ता आत येणारा मनुष्य नव्हे. तो दाराशी उभा असलेला मनुष्य आहे. चालून येण्याचे श्रम एकाचे, ताटकळणे त्याचेच, परंतु वाक्यात तो बिचारा कर्म होऊन बसतो. ‘एंट्री’ या शब्दाची गोष्ट वेगळी. तो ‘इंत्रारे’ म्हणजे आत जाणे यावरून फ्रेंच भाषेच्या वाटेने इंग्रजीत आला, आणि आपला ‘अन्तर्’ हा शब्द त्याचा दूरचा सोयरा लागतो. एंट्रीमध्ये येणाऱ्याचे पाऊल दिसते, अ‍ॅडमिशनमध्ये उघडणाऱ्याचा हात दिसतो. रंगभूमीवर नायकाची एंट्री झाली असे आपण म्हणतो. नायकाची अ‍ॅडमिशन झाली असे म्हटले तर श्रोते त्यास कोणत्या इस्पितळात नेले म्हणून विचारतील.

रोमन लोकांनी या दार उघडण्याच्या कलेचे चांगलेच शास्त्र बनविले होते. मोठ्या घरी सकाळी आश्रितांची व स्नेह्यांची रीघ लागे, आणि कोणास एकांतात भेटावयाचे, कोणास चौघांत व कोणास सरसकट गर्दीत, याची प्रतवारी ठरलेली असे. सेनेका या तत्त्ववेत्त्याने उपकारांविषयी लिहिलेल्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे की, ही चाल रोमात प्रथम गायस ग्रॅकस व त्याच्यामागून लिव्हियस ड्रूसस यांनी पाडली. यांपैकी ग्रॅकस तर लोकपक्षाच्या कैवाराबद्दल नावाजलेला, हा त्यातील विनोद. पुढे बादशाही अमलात तर दरबारी भेटीगाठींचे एक खातेच निर्माण झाले, आणि त्या खात्याचे नाव हाच आपला शब्द होता. मंत्र्यांच्या दालनाबाहेर चिठ्ठी पाठवून बसलेल्या मनुष्यास या इतिहासात नवे असे काही वाटणार नाही.

याच लॅटिन क्रियापदाचा आणखी एक अर्थ होता. एखादे दुष्कृत्य स्वतःकडे येऊ देणे, म्हणजेच ते करणे, असाही त्याचा प्रयोग होई. आणि ‘आद्मिस्सुम’ या नामाचा अर्थ गुन्हा असा होता. येथे व्युत्पत्तीचा छंद असलेल्या मनुष्यास मोह पडतो की, कबुलीचा अर्थ या गुन्ह्यातूनच निघाला असे सांगून मोकळे व्हावे. तो मोह आवरला पाहिजे. इंग्रजीत कबुलीचा अर्थ आला तो सोळाव्या शतकात, आणि दुसऱ्या वाटेने: एखादे विधान, एखादा पुरावा विचारात आत घेणे, म्हणून ग्राह्य धरणे, म्हणून खरे मानणे. सत्य बाहेर उभे आहे, आपण दार लावून बसलो आहोत, आणि शेवटी कडी काढतो. कबुलीची ही प्रतिमा आहे. म्हणजे कबुली हाही एक प्रवेशच झाला. फरक इतकाच की, येथे आत येते ते सत्य, आणि ते आत आल्याने घरमालकाची गैरसोय होते.

आता आपल्या भाषेकडे वळू. ‘प्रवेश’ हा ‘विश्’ धातूपासून निघाला. निवेश, समावेश, आवेश, अभिनिवेश हे त्याचे भाऊबंद, आणि ‘वेश्म’ म्हणजे घर हा शब्दही त्याच धातूचा. ग्रीकांचा घरवाचक ‘ओइकोस’ आणि लॅटिनातील वस्तीवाचक ‘वीकुस’ हेही याच मुळाचे, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. तेव्हा आपल्या शब्दाच्या पोटी घर आहे, दारवान नाही. शिवाय मराठीत प्रवेश करता येतो, देता येतो, मिळतो, आणि घेताही येतो. ‘त्याने प्रवेश घेतला’ असे म्हणताच येणारा मनुष्य कर्ता होतो व त्याच्या अंगी थोडा ताठा येतो. मात्र कबुलीचा अर्थ ‘प्रवेश’ शब्दात मुळीच नाही. त्यासाठी आपण अरबीकडून ‘कबूल’ हा शब्द घेतला. त्याचा मूळचा अर्थ स्वीकारणे. मुसलमानांच्या विवाहात वधूवर ‘कबूल’ म्हणतात ते स्वीकार म्हणून. आपल्याकडे त्याचे कुळाने लिहून द्यावयाचे कबुलायत झाले आणि पोलिसांपुढील कबुलीजबाब झाला. ‘दाखल’ हा दुसरा अरबी शब्द, त्याचा अर्थ आत आलेला. त्यावरून आपला ‘दाखला’ बनला, आणि त्याने प्रवेशाचा अर्थ सोडून पुराव्याचा अर्थ धरला. शाळा सोडताना जो कागद हाती देतात त्यास ‘शाळा सोडल्याचा दाखला’ म्हणावे, म्हणजे बाहेर जाण्याच्या कागदास आत येण्याचे नाव द्यावे, ही गंमत आपणांस कधी जाणवतही नाही. या दाखल्याकडे आपणांस पुढे पुन्हा यावयाचे आहे.

परंतु शुद्ध देशी वळणाचा म्हणून एक प्रयोग असा आहे की, त्यापुढे अ‍ॅडमिशनची मातबरी वाटू नये. निराश्रित मनुष्य म्हणतो, ‘मला पदरात घ्या.’ आणि दोष नाकारणाऱ्या मनुष्याविषयी आपण म्हणतो, ‘त्याची चूक त्याच्या पदरात घातली.’ माणूसही पदरातच यावयाचा आणि चूकही पदरातच पडावयाची. लॅटिनाने ज्या दोन गोष्टी एका दारातून आणल्या, त्या मराठीने एका पदरात बांधल्या. दोन भाषांचा परस्परांशी निकटचा संबंध नसताना त्या एकाच जागी येऊन पोहोचतात, तेव्हा त्या जागी काहीतरी असले पाहिजे.

तेथे काय आहे, हे माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. जो मनुष्य प्रथमच दाराशी आला त्यास आत घेण्यात कबुलीचा प्रश्न येत नाही. पाहुणा आला, पाट मांडला, संपले. परंतु ज्यास अन्यायाने दीर्घकाळ बाहेर ठेवले त्यास आत घेताना दोन गोष्टी एकदम कराव्या लागतात: दार उघडावयाचे, आणि ते आजवर बंद होते हे आपले पाप होते असे म्हणावयाचे. यांपैकी एक गोष्ट करून दुसरी टाळण्याकडे मनुष्याचा, आणि त्याहून अधिक संस्थेचा, स्वाभाविक कल असतो.

कबुली दिली पण दार उघडले नाही, याचे उदाहरण धारवाडचे आहे. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १८५६ साली तेथील एका महार मुलाने सरकारी शाळेत नाव घालण्याविषयी अर्ज केला. तो नाकारला गेला, आणि प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेले. सरकारने जो निर्णय दिला त्याचा आशय असा की, तात्त्विक न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे यात संशय नाही. परंतु एकदोघांसाठी युगानुयुगांच्या समजुतींत एकाएकी हात घातल्यास शिक्षणाच्या कार्याचीच हानी होईल. लेखनाच्या दृष्टीने हा निर्णय सभ्य आहे. त्यात मुलास कमी लेखणारा एक शब्द नाही, उलट तो बरोबर आहे असेच म्हटले आहे. फक्त त्याने घरी जावयाचे आहे. न्याय त्याच्या बाजूस होता, आणि शाळा दुसऱ्या बाजूस राहिली. इंग्रजी शब्दाच्या दोन अर्थांची इतकी स्वच्छ फारकत शोधूनही सापडणार नाही: सरकारने सत्यास आत घेतले आणि मुलास बाहेर ठेवले.

उलट प्रकार अधिक प्रमाणात आढळतो, व तो समजण्यासही अधिक कठीण आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस मोकळे असावेत, असा तो ठराव होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केले. कागदावर खुले केले. तळ्यावर जाण्याची कोणाची छाती झाली नाही. तीन वर्षे ते तळे एकाच वेळी उघडेही होते आणि बंदही होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग परिषदेचे लोक तळ्यावर गेले व पाणी प्याले, तेव्हा अ‍ॅडमिशनची एंट्री झाली. मागाहून सनातन्यांनी तळ्याचे शुद्धीकरण केले. आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला, म्हणजे बोले यांच्या ठरावास बरोबर चार वर्षे होत असता, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. वाद न्यायालयांतून फिरत राहिला, व उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागावयास १९३७ चा मार्च उजाडावा लागला.

ठराव मागे घेता आला, ही गोष्ट माझ्या मते या सर्व प्रकरणात मुख्य आहे. तो मागे का घेता आला? कारण देताना तो सवलत म्हणून दिला होता. ‘आजवर तुम्हांस पाण्यापासून दूर ठेवले हा अपराध झाला’ असे त्यात कोठे म्हटले नव्हते; ‘आम्ही परवानगी देतो’ एवढेच होते. परवानगीचा स्वभावच असा की, देणाऱ्याच्या हाती तिची दोरी राहते. अपराधाच्या कबुलीचे तसे नाही. कबूल केलेला अपराध परत करावयाचा तर आपणच आपल्यास खोटे पाडावे लागते. आणि तसे करणारे निघतात हे खरे असले, तरी ते परवानगी मागे घेण्याइतके सोपे नाही. त्यासाठी निर्लज्जपणा थोडा अधिक लागतो.

स्वतः आंबेडकरांनी ही गोष्ट फार स्पष्टपणे पाहिली होती. १९३३ साली मध्यवर्ती कायदेमंडळात रंगा अय्यर यांनी मंदिरप्रवेशाचे बिल आणले. त्या त्या भागातील हिंदू मतदारांचे बहुमत अनुकूल पडल्यास तेथील मंदिर अस्पृश्यांस खुले करावे, अशी त्यातील योजना. गांधीजींचा या बिलास पाठिंबा होता, आणि अस्पृश्यांचे पुढारी त्यास आनंदाने दुजोरा देतील अशी पुष्कळांची अपेक्षा होती. आंबेडकरांनी १४ फेब्रुवारीस निवेदन काढून तो दुजोरा नाकारला. त्यांचा मुख्य आक्षेप असा: हे बिल अस्पृश्यतेस पाप मानीत नाही, दुसऱ्या एखाद्या सामाजिक गैरसोयीप्रमाणे ती एक गैरसोय, एवढेच मानते, आणि ती ठेवावयाची की काढावयाची हे बहुमतावर सोपविते. जे पाप आहे ते बहुमतास रुचत असले तरी गेले पाहिजे. मंदिरे उघडणे न उघडणे हा तुमचा प्रश्न आहे, तुम्हीच त्याचा विचार करा, असेही त्यांनी सवर्णांस सुनावले. युरोपियनांच्या क्लबांच्या दारांवर हिंदी लोकांस कुत्र्यांच्या पंक्तीस बसविणाऱ्या पाट्या असत, त्यांची आठवण देण्यास ते विसरले नाहीत. हे निवेदन वाचून अनेकांस ते उद्दाम वाटले असावे. ज्यास आत घ्यावयाचे त्यानेच अटी घालाव्यात! परंतु ही अट नव्हती, ती शब्दाचा दुसरा अर्थ मागण्याची भाषा होती. ‘आम्हांस अ‍ॅडमिट करा’ याआधी ‘तुमचे काय चुकले ते अ‍ॅडमिट करा’, असे त्यांचे म्हणणे. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू करून तो वर्षानुवर्षे चालू ठेवणाऱ्या पुढाऱ्याचे हे म्हणणे होते, हे विसरून चालणार नाही. त्यांच्या सहकाऱ्यास, दादासाहेब गायकवाडांस, १९३४ साली लिहिलेल्या पत्रात त्यांनी असाही खुलासा केला आहे की, अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा सत्याग्रह आरंभिला नव्हता; त्यांस आपल्या स्थितीची जाणीव व्हावी व त्यांच्यात चैतन्य यावे म्हणून तो होता. देव पाहिजे होता की नव्हता, हा प्रश्नच निराळा. दार बंद आहे हे दाराला म्हणावयास लावावयाचे होते.

याच्या शेजारी पंढरपूरची गोष्ट ठेवून पाहावी. तेथे महाद्वारी नामदेवाची पायरी आहे, आणि तिच्या समोर, मंदिराच्या बाहेर, चोखोबाची समाधी. भक्ती करावी पण उंबरा ओलांडू नये, या व्यवस्थेचे हे दगडी चित्र शतकानुशतके वारकऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते. १९४७ च्या १ मे रोजी साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण आरंभिले, व दहा-अकरा दिवसांनी बडव्यांची संमती मिळाल्यावर ते सोडले. त्याआधी कित्येक महिने ते याच कार्यासाठी महाराष्ट्रभर हिंडत होते. या उपोषणाविषयी तेव्हा उलटसुलट पुष्कळ बोलले गेले. देवाच्या दारी हट्ट धरला, बडव्यांवर दडपण आणले, असेही आक्षेप निघाले, आणि ते अगदीच निराधार म्हणता यावयाचे नाहीत. उपोषण हे प्रेमाचे हत्यार असले तरी हत्यारच आहे. परंतु एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. गुरुजी कोकणातील पालगडच्या ब्राह्मण घरात जन्मले होते. त्यांस मंदिर बंद नव्हते. ज्यास दार उघडे आहे त्याने, ज्यांस ते बंद आहे त्यांच्यासाठी, अन्न सोडावे याचा अर्थ आपल्या धर्मशास्त्राच्या भाषेत प्रायश्चित्त असाच होतो. आणि प्रायश्चित्त पाप मान्य केल्यावाचून संभवत नाही. रंगा अय्यरांच्या बिलात जे नव्हते ते येथे एका मनुष्याच्या देहात होते. आंबेडकरांच्या तर्काने आणि गुरुजींच्या उपवासाने एकच जागा दाखविली असे मी म्हणतो तेव्हा दोघांचेही अनुयायी माझ्यावर रागावतील, याची मला कल्पना आहे.

येथे एखादा व्यवहारी वाचक म्हणेल: हा सारा शब्दांचा खेळ झाला. दार उघडले की झाले. ज्यास तहान लागली आहे त्यास पाणी पाहिजे, क्षमायाचना नव्हे. आणि ज्याने उघडले त्याच्याकडून वर पापाची कबुलीही वसूल करावयाची म्हटले तर पुढच्या वेळी तो उघडणारच नाही. या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. किंबहुना दोहोंपैकी एकच मिळणार असेल, तर मी मुकाट्याने उघडलेले दार पसंत करीन. धारवाडच्या त्या मुलास, सरकारच्या न्यायबुद्धीच्या ग्वाहीपेक्षा, काही न बोलता हजेरीपटावर नाव घालणारा एखादा पंतोजी अधिक उपयोगी पडला असता. तरीदेखील पाणी तेच असले तरी सवलतीचे पाणी पिणारा आणि हक्काचे पाणी पिणारा हे ओंजळ सारखी धरीत नाहीत, हे ज्याने पाहिले असेल त्यास कबुलीचा प्रश्न केवळ शब्दांचा वाटणार नाही.

मुंबई राज्याने मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ सालीच केला. पुढे २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि ती पाळणे हा गुन्हा ठरविला. गुन्हा हा शब्द येथे महत्त्वाचा; १९३३ च्या बिलाने जो उच्चारला नाही तो घटनेने उच्चारला. १९५६ साली मुंबई राज्यात आणखी एक कायदा झाला, त्याने सार्वजनिक हिंदू पूजास्थाने सर्व वर्गांच्या हिंदूंस प्रवेशासाठी खुली केली. हा कायदा साठ वर्षे पुस्तकात शांत झोपला होता. विद्या बाळ व नीलिमा वर्तक यांनी शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांस मज्जाव असल्याबद्दल उच्च न्यायालयात दाद मागितली तेव्हा तो जागा झाला, आणि १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने सरकारला त्याची अंमलबजावणी करण्यास सांगितले. आठच दिवसांनी, गुढीपाडव्यास, गावचे पुरुष बंदी मोडून शनीस जल घालण्यासाठी चौथऱ्यावर चढले. मग पुरुष गेले तर स्त्रियांस कसे अडवावे, म्हणून विश्वस्तांनी चौथरा सर्वांस खुला केला. स्त्रियांस प्रवेश मिळाला, याचा आनंदच आहे. पण तो कसा मिळाला पाहा: स्त्रियांस अडविणे चूक होते म्हणून नव्हे, पुरुष ऐकेनात म्हणून.

दाखल्याकडे परत येतो. हा लेख जेथे बसून लिहीत आहे ते उलवे पनवेल तालुक्यातले, आणि महाड ज्या रायगड जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातले. भातशेती, खाजण आणि मिठागरे यांचा हा मुलूख होता. १९७० साली नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या भागांतील पंच्याण्णव गावांच्या जमिनी घेण्याचे सरकारने ठरविले व त्यासाठी सिडकोची स्थापना केली. मोबदल्याच्या तक्रारी वाढत गेल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी उभे राहिले, आणि १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आसपास झालेल्या गोळीबारात पाच माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर विकसित जमिनीचा साडेबारा टक्के भाग मूळ मालकास परत देण्याची योजना आली. विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी आदी दहा गावे उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीस दुसऱ्या वाटेने वळविले गेले. त्या गावकऱ्यांसाठी हा आकडा साडेबावीस झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले व २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली.

दरम्यान उलव्यात इमारतींची रांग लागली. प्रत्येक संकुलास फाटक, प्रत्येक फाटकास पहारेकरी, आणि त्याच्यापुढे एक वही: नाव, कोणाकडे, कशासाठी, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. आता तर वहीच्या जागी दूरध्वनी आला आहे. वरच्या मजल्यावरून होकार आल्यावाचून खालचे फाटक हलत नाही. रोमन श्रीमंतास हे पाहून समाधान वाटले असते. मासळीची पाटी घेऊन आलेली बाई फाटकाशी थांबते. ज्या जमिनीवर ते फाटक उभे आहे ती तिच्या सासऱ्याची असणे मुळीच अशक्य नाही, आणि वहीत तसा रकाना नाही. पहारेकऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही, तोही दूरच्या एखाद्या गावाहून आलेला असतो. रहिवाशांसही देता येत नाही. त्यांनी रीतसर पैसे मोजले आहेत, आणि त्यांतलाच एक मी आहे.

परंतु त्या बाईच्या घरी, पत्र्याच्या पेटीत अथवा देव्हाऱ्यामागे, एक कागद बहुधा असतो. भूखंडाच्या अर्जास तो लागतो, मुलाच्या नोकरीच्या अर्जास लागतो, आणि त्याच्या प्रती काढून काढून मूळ घडीवर फाटावयास आलेला असतो. त्याचे नाव ‘प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला’. ‘दाखला’ म्हणजे काय ते वर सांगितलेच आहे. पण त्याआधीचा शब्द पाहावा. मराठीत ‘ग्रस्त’ हे पद आपण कोणाच्या मागे लावतो? रोगग्रस्त, पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, चिंताग्रस्त. ग्रहणात सूर्य ग्रस्त होतो. गिळला गेलेला, असा त्याचा अर्थ. सरकारच्या कोणत्याही अधिसूचनेत, कोणत्याही उद्घाटनाच्या भाषणात, प्रकल्पाने या माणसांस गिळले असे वाक्य आढळणार नाही. ते वाक्य कोणी तरी कारकुनाने, बहुधा दुसरा सुटसुटीत शब्द न सुचल्यामुळे, दाखल्याच्या मथळ्यात लिहून टाकले, आणि तेव्हापासून त्यावर सरकारी शिक्का पडत आहे. पनवेलच्या कचेरीत तो कागद खिडकीतून आत सरकविताना बाईने हा शब्द वाचलेला असतो की नाही, कोण जाणे; आतला मनुष्य क्रमांक पाहतो, सही पाहतो, आणि पुढच्यास हाक मारतो.